वाळायला लागणारा वेळ: एका जोडचित्राचं प्रकरण

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. घर सांभाळून तैलरंगात काम करणाऱ्यांच्या नेहमीच्या अडचणी एका ठिकाणी आणून ते अभ्यासासाठी उभं केलं आहे. यातली चित्रकार ५२ वर्षांची, अर्धवेळ नोकरी करणारी. हात बसलेला निसर्गचित्रावर. गेल्या दहा वर्षांत व्यक्तिचित्र केलेलं नाही. आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं पूर्ण व्हायला २० आठवडे उरले असताना ती ठरवते की दोघांचं एकत्र चित्र करून द्यायचं. कॅनव्हास आडवा, ७५ बाय ६० सेंटिमीटर. दोघांनाही आधी कळू द्यायचं नाही. त्याच २० आठवड्यांपैकी चौदाव्या आठवड्यात लेक शिक्षणासाठी पहिल्यांदाच घर सोडून जाणार आहे. कागदावर आठवड्याला सहा तास मोकळे दिसतात, प्रत्यक्षात चार मिळतात. तेही बहुतेक रात्री, घर झोपल्यावर.

नवव्या आठवड्याच्या शेवटी स्थिती अशी: बाबांचा चेहरा बऱ्यापैकी जमलेला, आईचा तीनदा खोडून तीनदा रंगवलेला. लेकीच्या तयारीतली दोन कामं राहून गेलेली. भाऊ सुचवतो, "ताई, एखादा चांगला फोटो मोठा करून देऊ या ना." त्याने ते मदत म्हणून म्हटलेलं असतं, तिला मात्र तो निकाल वाटतो. वहीत एकच वाक्य आहे: मला व्यक्तिचित्र येत नाही.

या वाक्यापासूनच तपासणी सुरू करावी लागते. शंका सहसा हवेतून येत नाही. काहीतरी बिनसलंय हे डोळ्याला खरंच दिसलेलं असतं. पण काय बिनसलंय हे शंकेला सांगता येत नाही, म्हणून ती सगळं चित्रकाराच्या कुवतीवर ढकलून मोकळी होते. या प्रकरणात चार गोष्टी बिनसल्या होत्या आणि चारही कॅनव्हासवर बोट ठेवून दाखवता येत होत्या.

पहिली म्हणजे संदर्भाचे फोटो. गुपित राखायचं म्हणून तिने घरातलेच दोन वेगवेगळे फोटो घेतले होते. बाबांच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून, आईच्या चेहऱ्यावर उजवीकडून. आईचा फोटो मोबाइलवर हातभर अंतरावरून काढलेला. इतक्या जवळून नाक फुगतं आणि कान मागे ओढल्यासारखे दिसतात. दोष लेन्सचा कमी, अंतराचा जास्त. दोन मीटर किंवा त्याहून लांब उभं राहून झूम केलं की प्रमाण ताळ्यावर येतं. आता असा फोटो कितीही इमानदारीने उतरवला तरी आई परकीच दिसणार, आणि दोन दिशांच्या उजेडातली दोन माणसं एका खोलीत बसल्यासारखी वाटणार नाहीत. तिने फोटो नीट उतरवला होता. हात चुकला नव्हता.

दुसरी गोष्ट रात्रीचा दिवा. घरगुती पिवळसर दिव्याखाली, म्हणजे २७०० केल्विनच्या आसपासच्या उजेडात, पॅलेटवरचा पिवळा आणि पांढरा यांतला फरक नीट कळत नाही आणि निळा मरगळलेला वाटतो. म्हणून पिवळा आणि निळा हे दोन्ही रंग हाताने जास्त घेतले जातात. सकाळी खिडकीशी चित्र नेलं की त्वचा भडक दिसते. रात्री दुरुस्ती, सकाळी हिरमोड, पुन्हा रात्री दुरुस्ती, असं चक्र आठवडेच्या आठवडे चालतं. उपाय साधा आहे. ५००० केल्विनचा, रंग खरे दाखवणारा (सीआरआय ९० किंवा जास्त) दिवा कॅनव्हास आणि पॅलेट या दोन्हींवर सारखा पडेल असा लावावा. एवढं करूनही त्वचेच्या रंगाचा शेवटचा निर्णय दिवसाउजेडी घ्यावा.

तिसरी गोष्ट रंग बसण्याची. खालचा थर तेल शोषून घेतो आणि वरचा रंग वाळताना चमक गमावतो. गडद भाग राखाडी, मातकट दिसू लागतात. आईच्या केसांतला अंबर (तपकिरी रंग) आणि काळा असाच बसला होता. चित्रकाराला वाटलं, छटाच चुकली. तिने वर आणखी गडद रंग चढवला, तोही बसला. खरं तर थर हाताला कोरडा लागल्यावर जवसाच्या तेलाचा, किंवा जे मीडियम (रंगात मिसळायचं द्रव्य) वापरतो त्याचा, अगदी पातळ हात धागे न सुटणाऱ्या कापडाने चोळायचा आणि जास्तीचं लगेच पुसून घ्यायचं. मूळ छटा तिथल्या तिथे परत दिसते. याला ऑइलिंग आउट म्हणतात. काम पाच मिनिटांचं आहे. ते माहीत नसल्यामुळे किती चांगले गडद भाग नाहक पुन्हा रंगवले जातात! पण तेल चोपडून ठेवायचं नाही. जाड राहिलेलं तेल पुढे पिवळं पडतं आणि वरच्या थराला पकड देत नाही.

चौथी गोष्ट सगळ्यांत महागात पडणारी. सातव्या आठवड्यात वेळ कमी पडतोय असं वाटून तिने अल्किड मीडियम आणलं. ते साधारण एका दिवसात हाताला कोरडं लागतं. पण खाली टिटॅनियम व्हाइट (पांढरा) आणि अलिझरिन क्रिमसनचा (गडद लाल), जास्त तेलाचा थर अजून ओला होता, आणि त्यावर हा झटपट वाळणारा थर गेला. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि त्या काळात थर हलत असतो. वरचा आधी कडक झाला आणि खालचा हलतच राहिला की वरच्याला भेगा जातात. म्हणून तर खाली कमी तेल आणि वर जास्त तेल, खाली लवकर वाळणारं आणि वर सावकाश वाळणारं हा नियम. इथे तो नेमका उलटा झाला. आईच्या गालावर भेगा अजून दिसत नव्हत्या. त्या पुढच्या काही महिन्यांत येणार होत्या.

पहिला कॅनव्हास दुरुस्त करायचा की सोडायचा? आमच्या मते सोडायचा. अर्धवट वाळलेला रंग पॅलेट नाइफने खरवडला तर खालचा ग्राउंडही, म्हणजे कॅनव्हासवरचा तयारीचा लेपही, सोलून निघतो. पूर्ण वाळल्यावर घासायचा म्हटलं तर कॅडमियमसारख्या रंगद्रव्यांची धूळ घरात उडते, आणि ती श्वासात जाणं घातक आहे. शिवाय त्या पृष्ठभागावर तिची सगळी धास्ती साठलेली. नऊ आठवडे वाया गेले असं तिला वाटतं, पण त्यातलं रेखाटन आणि बाबांच्या चेहऱ्याची समज हातात राहिली आहे. नवीन कॅनव्हासवर त्याच कामाला निम्माही वेळ लागत नाही.

उरले अकरा आठवडे. इथे दिनदर्शिका उलटी मांडली, शेवटाकडून सुरुवातीकडे. विसावा आठवडा समारंभाचा, ब्रश बंद. एकोणिसावा फ्रेमसाठी. अठराव्यात शेवटचे हात, तीन तास. सतरावा मुद्दाम रिकामा. पंधरा आणि सोळा दुसऱ्या रंगथरासाठी, आठ तास. चौदावा लेकीचा, पूर्ण बंद. बारा आणि तेरा पहिल्या रंगथरासाठी, आठ तास. अकरावा अंडरपेंटिंगचा, म्हणजे सगळ्यांत खालच्या थराचा, चार तास. दहावा फोटो आणि रेखाटनाचा, चार तास. एकूण २७ तासांचं काम. आठवड्याला चार तास धरले तर आठ आठवड्यांचे ३२ तास हातात आहेत, म्हणजे पाच तासांची सूट. ही सूट काढून घेऊन चित्र थोडं मोठं करण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे. बाराव्या आठवड्यात तिला ताप आला आणि चार तास गेले. ते सतराव्यातून निघाले.

या मांडणीत एक गोष्ट फार मोलाची आहे. तैलरंगाला मधल्या दिवसांची गरजच असते. पातळ लावलेला बर्न्ट अंबर त्यातल्या मॅंगनीजमुळे एक-दोन दिवसांत हाताला कोरडा लागतो. टिटॅनियम व्हाइटला बहुधा आठवडा लागतो, अलिझरिन आणि आयव्हरी ब्लॅक त्याहूनही रेंगाळतात. म्हणजे पहिल्या रंगथरानंतरचा लेकीचा आठवडा चित्राच्या वेळेतून चोरलेला नाही. ती घरी नसती तरी त्या आठवड्यात कॅनव्हासला हात लावणं चूकच ठरलं असतं. घरातल्या मोठ्या तारखा थरांच्या मधोमध बसवल्या की दोन्हीकडची ओढाताण बरीच उतरते. उलट, आधी वाटेल तसं रंगवत गेलं आणि मग घरचा प्रसंग आला, तर नेमका ओल्या थरावर काम करायचा आठवडा हातचा जातो आणि परत आल्यावर कडा जुळत नाहीत.

तेराव्या आठवड्याच्या शेवटच्या सत्रानंतर कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवला. यामागे कारण आहे. वाळणारं चित्र येता-जाता दिसत राहिलं की बोट लावावंसं वाटतं, आणि मन तर दर फेरीला नवा दोष शोधून देतं. लेकीने आईकडे एवढंच मागितलं होतं: "शेवटचे तीन दिवस तू नुसती माझ्याबरोबर अस. सामान मी भरते." ते तीन दिवस ठरल्याप्रमाणे गेले. निघण्याच्या आदल्या रात्री मात्र चित्रकार कॅनव्हास उलटवून पाहते, आईचा चेहरा पुन्हा परका वाटतो आणि झोप उडते. त्या रात्रीच्या नजरेवर काही विश्वास ठेवायचा नसतो. मूल घरातून निघतंय, उजेड पिवळा आहे, थर अर्धा बसलेला आहे. तिने वहीत नोंद केली आणि चित्र परत भिंतीकडे फिरवलं. त्या क्षणी एवढंच करण्यासारखं होतं.

ही वही नवव्या आठवड्याच्या शेवटी सुरू केलेली. प्रत्येक पानावर तीन रकाने: काय खटकतंय, कॅनव्हासवर नेमकं कुठे, मोजल्यावर काय आढळलं. पहिले दोन रकाने केव्हाही भरायचे. तिसरा फक्त पुढच्या सत्राच्या सुरुवातीला, दिवसाउजेडी, मोजपट्टी आणि आरसा हातात घेऊन. तिसरा रकाना रिकामा असेपर्यंत ब्रश उचलायचा नाही. त्या रात्रीची नोंद: "आई परकी वाटते, ओठांभोवती." सहा दिवसांनी मोजलं तर नाकाच्या टोकापासून वरच्या ओठापर्यंतचं अंतर तीन मिलिमीटरने जास्त निघालं. डोकं साधारण १५ सेंटिमीटर उंचीचं असताना तीन मिलिमीटर पुष्कळ होतात. दहा मिनिटांत ते दुरुस्त झालं. रात्रीच ब्रश घेतला असता तर अख्खा चेहरा पुसला गेला असता.

"केस मातकट" ही नोंद ऑइलिंग आउटने सुटली. "बाबा रागावल्यासारखे" ही आरशात सुटली. आरशात चित्र उलटं दिसतं आणि डोळ्याची सवय मोडते. डावी भुवई उजवीपेक्षा खाली गेलेली तेव्हा लगेच कळली. आणि "मी चित्रकार नाहीच" या नोंदीसमोर दुसऱ्या रकान्यात लिहायला काहीच नव्हतं. कॅनव्हासवर तिला जागा नाही, म्हणून ब्रशने तिचं काही करता येत नाही. ती खोटी आहे असं आम्ही म्हणत नाही. अशी वाक्यं खोल दुखतात, आणि कधी ती थकव्याची, कधी जुन्या जिव्हारी लागलेल्या बोलण्याची असतात. त्यांच्याबद्दल मैत्रिणीशी बोलावं, फार दिवस मन खचलेलं राहिलं तर जाणकार समुपदेशकाशी बोलावं. पण त्यांचं उत्तर आईच्या गालावर शोधायचं नाही.

गुपिताचा प्रश्न दहाव्या आठवड्यातच निकाली निघाला. एका उजेडातले दोन चेहरे हवे असतील तर दोघांना शेजारी बसवण्यावाचून मार्ग नव्हता. तिने सरळ सांगितलं. आई म्हणाली, "अगं, आधी सांगायचंस की. मी काय पळून जाणार होते?" दोन खुर्च्या खिडकीपासून दीड मीटरवर, उजेड डावीकडून, पायांच्या जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखलेल्या. वीस मिनिटं बसणं, पाच मिनिटं विश्रांती, पुन्हा वीस मिनिटं. वयस्क माणसांना याहून जास्त बसवलं की मान खाली जाते, चेहरा ओघळतो आणि चित्रात थकवा उतरतो. बसण्याआधी अडीच मीटरवरून डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा ठेवून फोटो घेतले. पहिल्या वीस मिनिटांत चारकोलने रेखाटन, दुसऱ्यात फक्त रंगांच्या नोंदी: कपाळ, गाल, हनुवटी, सावलीतली मान. कपाळापेक्षा गाल आणि नाक लालसर असतात, हे निसर्गचित्राची सवय असलेल्यांच्या हातून हमखास निसटतं.

गुपित गेल्याने थोडी गंमत कमी झाली हे मान्य. पण वर्षानुवर्षांत प्रथमच तिघं चाळीस मिनिटं एका खोलीत, दुसरं काही न करता बसली. समारंभासाठी जो वेळ द्यायचा होता त्यातला काही असा आधीच देऊन झाला.

चित्र कुणाला आणि केव्हा दाखवायचं, यावर जास्त काळजी घ्यावी. फ्रेंच चित्रकार बर्थ मोरिझोचं उदाहरण इथे अगदी लागू पडतं. १८६९-७० च्या हिवाळ्यात तिची बहीण एडमा पहिल्या बाळंतपणाची वाट पाहत माहेरी आली होती. एडमासुद्धा बर्थबरोबरच शिकलेली चित्रकार, लग्नानंतर तिचं चित्रकाम सुटलं. बर्थने आई आणि एडमा यांचं चित्र केलं, पण सलोनला, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या चित्रप्रदर्शनाला, पाठवण्याच्या तोंडावर तिला धीर होईना. तिने एदुआर मानेचं मत विचारलं. तो आला, झग्याच्या खालच्या भागावर चार फटकारे मारले, आणि मग थांबेचना. आईच्या आकृतीचा बराचसा भाग त्याने रंगवून टाकला. चित्र न्यायला गाडीवान उभा होता, चित्र गेलं. बर्थ फार कष्टी झाली. १८७० च्या सलोनमध्ये ते लागलंही. माने थोर चित्रकार होता आणि त्याच्या मनात वाईट नव्हतं. घोटाळा वेळेचा होता. शेवटच्या दिवशी विचारलेल्या मताला नाही म्हणायची ताकद उरलेली नसते.

म्हणून या प्रकरणात दाखवण्याचा दिवस एकच ठेवला, सोळाव्या आठवड्याचा शेवट. मत ऐकून काही करायचं ठरलं तर दोन आठवडे हाताशी. बघणारी एकच, चित्रकलेची जाण असलेली मैत्रीण. "कसं वाटतं?" असं विचारायचं नाही. प्रश्न दोनच: नजर आधी कुठे जाते? कोणत्या जागी अडखळते? मैत्रीण म्हणाली, नजर बाबांच्या हातावर अडकते. मांडीवरचा उजवा हात बोटं मोजून रंगवलेला, चेहऱ्यांपेक्षा रेखीव झालेला. अठराव्या आठवड्यात त्या बोटांच्या कडा कोरड्या ब्रशने मऊ करून हाताचा एकच उजळ आकार ठेवला. भावाला चित्र दाखवलं नाही. त्याच्यावर राग होता असं नव्हे, पण घरच्या माणसाला साम्याशिवाय दुसरं काही दिसत नाही, आणि अपुऱ्या चित्रात साम्य येतं-जातं. त्याच्याकडे फ्रेम आणि ने-आणीचं काम दिलं. ते त्याने मनापासून केलं.

दुसऱ्या कॅनव्हासवर रंग निवडतानाच वाळण्याचा विचार झाला. आयव्हरी ब्लॅकऐवजी अंबर आणि अल्ट्रामरिनचं मिश्रण. अल्किड मीडियम वापरलं, पण अंडरपेंटिंगपासून सगळ्या थरांत, दर थरात प्रमाण किंचित वाढवत. एका थरात अल्किड आणि खाली ओलं जवस हा प्रकार बंद. तेलाचे बोळे आणि चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगाळलेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. पाणी भरलेल्या झाकणाच्या धातूच्या डब्यात त्या टाकायच्या, किंवा मोकळ्या हवेत एकेक पसरून पूर्ण वाळवायच्या. पाहुण्यांनी भरलेल्या घरात याची दुप्पट काळजी घ्यावी लागते.

एकोणिसाव्या आठवड्यात चित्र हाताला कोरडं होतं. आईच्या कपड्यातला एक जाड ठिपका मात्र चिकट राहिला. फ्रेमला काच नव्हतीच. रंगाला फ्रेमची कड टेकू नये म्हणून आत पातळ पट्ट्या बसवल्या. व्हार्निश केलं नाही. नेहमीचं व्हार्निश सहा ते बारा महिन्यांनी, रंग आतपर्यंत वाळल्यावर. घाईत चढवलं तर ते रंगात मिसळून बसतं आणि पुढे काढता येत नाही. चित्र देतानाच बाबांना सांगून ठेवलं की वर्षभराने ते दोन दिवसांसाठी परत न्यावं लागेल, तोवर ओल्या कापडाने पुसायचं नाही.

आता हा आराखडा कुठे चालणार नाही तेही सांगायला हवं. घरात तान्हं बाळ असेल किंवा कुणाचं मोठं आजारपण चालू असेल, तर आठवड्याचे चार तास धरणंच चुकीचं. तिथे सलग वेळ मिळत नाही, आणि टर्पेंटाइनचा वास बाळाच्या खोलीपर्यंत जाता कामा नये. अशा वर्षी माध्यम बदलावं. २५ बाय ३५ सेंटिमीटरच्या जाडसर कागदावर चारकोल किंवा पेन्सिल, पंधरा-वीस मिनिटांचं एक बसणं. पहिल्या दिवशी फक्त डोक्याचा आकार आणि सावलीचा एक पट्टा, दुसऱ्या दिवशी डोळे-नाक-तोंडाच्या जागा, तिसऱ्या दिवशी कडा. मध्येच उठावं लागलं तरी काही बिघडत नाही, ओलं काही नाही. चारकोल पुसला जाऊ नये म्हणून फिक्सेटिव्ह मारायचं ते घराबाहेर, मोकळ्या हवेत, कागदापासून तीसेक सेंटिमीटरवरून, दोन हलके हात. वहीचे तीन रकाने इथेही तसेच चालतात. फक्त तिसरा रकाना भरायला बाळ झोपेपर्यंत थांबावं लागतं.